महाग राज्य सोडावे काय?

कर्नाटकातील मध्यमवर्गाला २०२५ हे वर्ष दरवाढीचे वर्ष म्हणून लक्षात राहील. जानेवारीत राज्य परिवहनाचे बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले. फेब्रुवारीत बेंगळूरु मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेले. एप्रिलपासून दूध लिटरमागे चार रुपयांनी महागले, विजेचा दर वाढला आणि ऑगस्टअखेर मालमत्ता नोंदणीचे शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झाले. राज्य सरकारच्या पाच ‘हमी’ योजनांवर वर्षाला सुमारे ५० हजार कोटी रुपये खर्च होतात. त्या खर्चाची भरपाई या दरवाढीतून केली जात आहे, असा विरोधकांचा आरोप आहे. त्या वादात मला येथे शिरायचे नाही. मला महत्त्वाची वाटते ती या दरवाढीनंतर बेंगळूरुतील असंख्य घरांत पुन्हा सुरू झालेली एक चर्चा. इतके महाग राज्य सोडून स्वस्त ठिकाणी राहायला का जाऊ नये, असा प्रश्न त्या चर्चेत विचारला जातो.

हा प्रश्न विचारणाऱ्यांत भुवनेश्वरहून आलेले संगणक अभियंते आहेत, लखनऊचे बँक अधिकारी आहेत आणि निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेले सरकारी कर्मचारीही आहेत. आर्थिक विषयांवर लिहीत असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंतही अनेकदा येतो. तो सहसा घरगुती हिशेबाचा प्रश्न समजला जातो. मला तो तेवढाच वाटत नाही. भारत ही एकसंध बाजारपेठ आहे काय, भारतीय नागरिकाचे हक्क राज्याची सीमा ओलांडतात काय आणि देशातील गरीब प्रदेश ‘स्वस्त’ का आहेत, हे तिन्ही मोठे प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

उसना प्रश्न

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ‘स्वस्ताई’साठी जाण्याची कल्पना आपल्याकडे बऱ्याच अंशी अमेरिकेतून आली आहे. कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला जाणाऱ्यांच्या कथा आपण सतत वाचतो. तिथे त्या स्थलांतराला ठोस आर्थिक आधार आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे, तर टेक्सास असा कर मुळीच आकारत नाही. राज्य बदलले की हातात पडणारी रक्कम दुसऱ्याच महिन्यापासून बदलते.

भारतात असे होत नाही. प्राप्तिकर केंद्राचा आहे आणि त्याचे दर बेंगळूरुत व बालासोरमध्ये सारखेच आहेत. वस्तू व सेवा कर २०१७ पासून देशभर एकच आहे. राज्यांना उत्पन्नाशी निगडित असा एकच कर नोकरदाराकडून घेता येतो, तो म्हणजे व्यवसाय कर. त्याची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने वर्षाला २,५०० रुपये अशी बांधून दिली आहे. दिल्ली, उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थान तोही आकारत नाहीत. म्हणजे करापोटी राज्य सोडणाऱ्याची बचत महिन्याला जेमतेम दोनशे रुपये. सिक्कीममध्ये प्राप्तिकरातून सूट आहे हे खरे. पण ती कायद्याने ‘सिक्कीमी’ ठरलेल्या व्यक्तींना आहे. तिथे घर भाड्याने घेणाऱ्या नवागताला ती मिळत नाही.

राज्यांच्या हाती उरतात ते इंधनावरील मूल्यवर्धित कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, मद्यावरील शुल्क आणि विजेचे दर. यांत फरक आहेत, पण ते ‘महाग’ व ‘स्वस्त’ राज्यांच्या रूढ नकाशाशी जुळतातच असे नाही. २०२५ मध्ये बेंगळूरुत पेट्रोलचा लिटरमागे दर १०३ रुपयांच्या आसपास होता, तर पाटण्यात तो १०५ रुपयांच्या पुढे-मागे होता. चार रुपयांच्या दरवाढीनंतरही कर्नाटकातील सहकारी दूध दिल्लीतील दुधापेक्षा स्वस्तच राहिले. जे राज्य सोडण्याची भाषा होते, ते दुधात स्वस्त. आणि जिथे जाण्याचे बेत आखले जातात, ते पेट्रोलमध्ये महाग. तेव्हा महागाई नेमकी कशाची, हे आधी पाहिले पाहिजे.

महागाई नेमकी कशाची?

घरखर्चाचे दोन भाग करता येतात. पहिल्या भागात त्या वस्तू येतात, ज्यांची देशभर ने-आण होते. साबण, औषधे, मोबाइल, कपडे, मोटार यांवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते किंवा त्यांचा बाजार राष्ट्रीय असतो. मोबाइलचे मासिक शुल्क, विम्याचा हप्ता, रेल्वेचे भाडे, गृहकर्जाचे व्याज हेही राज्यागणिक बदलत नाही. दुसऱ्या भागात ते सारे येते, जे जागचे हलवता येत नाही. घर, शाळेतील शिक्षकाचा वेळ, घरकामाला येणाऱ्या बाईंचे श्रम, प्लंबर, न्हावी, डॉक्टरची तपासणी, हॉटेलातील जेवण या सगळ्यांचे दर स्थानिक असतात. राज्या-राज्यांतील महागाईचा फरक जवळपास सगळा या दुसऱ्या भागात आहे, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा घरभाड्याचा आहे.

या सेवा बेंगळूरुत महाग आणि भुवनेश्वरमध्ये स्वस्त का? कारण तिथे मजुरी आणि पगार कमी आहेत. जिथे उद्योग व आधुनिक सेवांची उत्पादकता वाढते, तिथे पगार वाढतात. मग ज्यांची उत्पादकता वाढलेली नाही अशा न्हाव्याला व शिक्षकालाही जास्त द्यावे लागते, अन्यथा ते दुसरीकडे जातील. बलासा व सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये देशा-देशांतील किमतींच्या फरकाची ही मीमांसा स्वतंत्रपणे मांडली होती. ती भारताच्या राज्यांनाही लागू पडते. स्पष्ट शब्दांत सांगायचे तर, स्वस्त राज्य हे बहुतेक वेळा कमी पगाराचे राज्य असते आणि तिथली स्वस्ताई हे त्या कमी पगाराचेच दुसरे नाव असते.

हा फरक किती आहे, याचा एक जुना पण अधिकृत अंदाज उपलब्ध आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने २०११-१२ साठी राज्यवार दारिद्र्यरेषा काढल्या, तेव्हा त्यांत स्थानिक किमतींचा फरक धरला होता. शहरी कर्नाटकात ही रेषा दरडोई दरमहा १,०८९ रुपये होती, शहरी बिहारमध्ये ९२३ रुपये आणि शहरी ओडिशात ८६१ रुपये. म्हणजे शहरी कर्नाटक शहरी ओडिशापेक्षा सुमारे २६ टक्के आणि शहरी बिहारपेक्षा १८ टक्के महाग होते. ही तुलना गरिबांच्या गरजांची आहे. मध्यमवर्गाच्या खर्चात भाड्याचा वाटा मोठा असल्यामुळे त्याच्यासाठी दरी अधिक रुंद असणार, हे मान्य करू.

आता उत्पन्नाकडे पाहा. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये कर्नाटकाचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या १८०.७ टक्के होते, ओडिशाचे ८८.५ टक्के आणि बिहारचे अवघे ३३ टक्के. कर्नाटक आणि ओडिशा यांच्या उत्पन्नात दुप्पट, तर कर्नाटक आणि बिहार यांच्यात जवळजवळ साडेपाच पट अंतर. किमतींचा फरक पाव-तृतीयांश आणि उत्पन्नाचा फरक कैकपट, हेच भारतीय स्थलांतराचे मूळ गणित आहे.

पगार सोबत नेता येतो काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेंगळूरुतील चौकोनी कुटुंबाच्या हाती महिन्याला दीड लाख रुपये येतात आणि एक लाख खर्च होतात, असे समजा. त्यांपैकी ३५ हजार घरभाडे, १५ हजार मुलांची शाळा, १० हजार घरकाम व इतर सेवा, १८ हजार किराणा-भाजी-दूध, ८ हजार प्रवास आणि उरलेले १४ हजार हप्ते, विमा, फोन वगैरे. हे कुटुंब भुवनेश्वरला गेले आणि भाडे १८ हजारांवर, शाळा ११ हजारांवर, सेवा ७ हजारांवर, किराणा १७ हजारांवर आणि प्रवास ६ हजारांवर आला, तर एकूण बचत महिन्याला २७ हजार रुपये होईल. शेवटच्या १४ हजारांत काही फरक पडणार नाही.

सत्तावीस हजार ही लहान रक्कम नव्हे. पण ती दीड लाखाच्या १८ टक्के आहे. हातात येणारा पगार १८ टक्क्यांहून अधिक घटला, तर स्थलांतर तोट्याचे ठरेल. स्थानिक बाजारात नवी नोकरी शोधावी लागली आणि तिथे ३० टक्के कमी मिळाले, तर ४५ हजार गमावून २७ हजार वाचवल्यासारखे होईल. त्यात पुढची दोन अदृश्य कलमे जोडा. पहिले, महानगरात एक नोकरी सुटली तर दुसरी मिळण्याची शक्यता. लहान शहरात एकच मोठा नियोक्ता असतो आणि तो गेला की शहरच सोडावे लागते. दुसरे, जोडीदाराची नोकरी. एकाचा पगार सोबत येतो आणि दुसऱ्याची, बहुधा पत्नीची, नोकरी मागे सुटते, तेव्हा ही सारी बचत त्या एका राजीनाम्यात विरून जाते.

म्हणून माझे उत्तर दोन भागांत आहे. ज्यांचे उत्पन्न राहत्या जागेवर अवलंबून नाही, त्यांनी जरूर जावे: निवृत्तिवेतनधारक, घरून काम करण्याची लेखी हमी असलेले कर्मचारी, भाड्यावर वा व्याजावर जगणारे. बाकीच्यांसाठी स्वस्त राज्य ही स्वस्त वस्तू नाही. ज्येष्ठांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वय वाढते तसा खर्चातला सर्वांत अनिश्चित भाग प्रकृतीचा असतो आणि चांगले रुग्णालय हे घराप्रमाणेच जागचे हलवता न येणारे असते. भाड्यात वाचवलेले पैसे रात्रीच्या एका दीडशे किलोमीटरच्या रुग्णवाहिका प्रवासाची भरपाई करू शकत नाहीत.

शिवाय उत्पन्न सोबत नेणाऱ्यांची संख्या वाढली की स्वस्ताई टिकत नाही. महासाथीनंतर दिल्ली-बेंगळूरुचे पगार घेऊन गोव्यात राहायला आलेल्यांनी तिथल्या भाड्यांचे काय केले, हे मराठी वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाहेरचा पगार आला, घरे तेवढीच राहिली आणि स्थानिक शिक्षक वा नर्स यांच्यासाठी स्वतःचेच गाव महाग झाले.

मजूर उलट दिशेने का जातो?

मध्यमवर्ग हा प्रश्न आज विचारत असला, तरी गरिबांनी त्याचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे, आणि ते नेमके उलट आहे. रिझर्व्ह बँकेने संकलित केलेल्या २०२२-२३ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण केरळमध्ये शेतमजुराची रोजची सरासरी मजुरी ७६४ रुपये होती, तर मध्य प्रदेशात २२९ रुपये. मजुरीत तिपटीहून अधिक फरक. तेंडुलकर पद्धतीच्या दारिद्र्यरेषेनुसार मात्र ग्रामीण केरळ (१,०१८ रुपये) ग्रामीण मध्य प्रदेशापेक्षा (७७१ रुपये) केवळ ३२ टक्क्यांनी महाग होते. केरळमधील गुलाटी इन्स्टिट्यूटने २०१३ मध्येच राज्यातील परप्रांतीय कामगारांची संख्या सुमारे २५ लाख असल्याचा अंदाज दिला होता. बंगाल, आसाम, ओडिशा, बिहार येथून हे लोक देशातील महाग ग्रामीण भागांपैकी एकात येतात, ते काही हिशेब चुकल्यामुळे नव्हे.

त्यांचा हिशेब मध्यमवर्गापेक्षा पक्का आहे. कमवायचे महाग राज्यात आणि खर्च करायचा स्वस्त राज्यात. पेरुंबावूरमध्ये एका खोलीत सहा-आठ जणांनी राहायचे, मिळून स्वयंपाक करायचा आणि उरलेला पैसा मुर्शिदाबाद किंवा गंजमला पाठवायचा. तिथे त्याच रुपयात अधिक वीट, अधिक तांदूळ, अधिक शिकवणी येते. किमतींतील दरीचा पुरेपूर फायदा घेणारी ही व्यवस्था आहे. तिची किंमत मात्र कोणत्याही निर्देशांकात नोंदली जात नाही. वर्षातले दहा महिने बापाविना वाढणारी मुले, सासू-सासऱ्यांसह एकटीने संसार ओढणारी बायको आणि चाळिशीत थकून परतणारे शरीर, ही ती किंमत आहे. कुटुंबासह महाग राज्यात राहणे परवडत नाही, म्हणून कुटुंब दोन राज्यांत विभागले जाते. महाग राज्य सोडावे काय, या प्रश्नापेक्षा महाग राज्यात सहकुटुंब राहता का येत नाही, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो.

सीमेवर गळून पडणारे हक्क

त्याचे पहिले उत्तर घरभाड्यात आहे. दुसरे हक्कांच्या रचनेत. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने देशात कोठेही फिरण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु नागरिकाला मिळणाऱ्या सवलतींपैकी बऱ्याच राज्याच्या सीमेवर गळून पडतात.

धान्याच्या बाबतीत प्रगती झाली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशाने सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत पोहोचली. आयुष्मान भारत योजनेतील पाच लाखांचे उपचारही दुसऱ्या राज्यात घेता येतात. पण गेल्या दशकात कल्याणकारी खर्चाचा ओघ राज्यांच्या स्वतःच्या योजनांकडे वळला आहे. कर्नाटकात कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा दोन हजार रुपये, तमिळनाडूत एक हजार, दिल्लीत दोनशे युनिटपर्यंत मोफत वीज, या साऱ्या योजना त्या-त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहेत. महाग राज्य एका हाताने दर वाढवते आणि दुसऱ्या हाताने परत देते. पण परत घेण्याची पात्रता जुन्या रहिवाशाला असते. नव्याने आलेला दरवाढ सोसतो, हमीला मुकतो. आणि राज्य सोडणारा मागचे हक्क गमावतो, पुढचे मिळवायला त्याला काही वर्षे लागतात.

मध्यमवर्गाला याची झळ लागते ती मुलांच्या शिक्षणात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात आणि प्रत्येक राज्याचे रहिवासाचे निकष निराळे आहेत. कर्नाटकात सर्वसाधारणपणे सात वर्षांचे शिक्षण राज्यात झालेले असावे लागते. तेलंगणाच्या सलग चार वर्षांच्या अटीवर सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. मूल नववी-दहावीत असताना राज्य बदलणाऱ्या पालकांना म्हणूनच माझा सल्ला असतो की भाड्याचा तक्ता करण्याआधी प्रवेशाचे नियम वाचा. दोन राज्यांच्या मध्ये सापडलेले मूल कोणत्याही राज्याचे ‘स्थानिक’ ठरत नाही, आणि खासगी महाविद्यालयातील एका वर्षाचे शुल्क दहा वर्षांची भाडेबचत गिळू शकते.

मोटारीचेही तसेच. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिले की त्याची नव्याने नोंदणी करावी लागते. ना-हरकत प्रमाणपत्र आणायचे, नव्या राज्यात कर भरायचा आणि जुन्या राज्याकडे परताव्यासाठी अर्ज करून वाट पाहायची. २०२१ मध्ये आलेल्या ‘बीएच’ क्रमांकाने ही कटकट कमी केली. पण ती सोय सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या नोकरदारांपुरती. ज्याला सर्वाधिक भटकावे लागते त्या स्वतंत्र व्यावसायिकाला ती नाही.

आणि मत? बिहारच्या मतदार यादीच्या २०२५ मधील विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. त्यांपैकी सुमारे ३६ लाख नावे कायमचे स्थलांतरित वा पत्त्यावर न सापडलेल्यांची होती. त्या प्रक्रियेच्या गुणदोषांवर मतभेद आहेत. पण ‘सामान्य रहिवासी’ या निकषाने गावातले नाव काढले जात असेल, तर कामाच्या शहरात ते तितक्याच सहजतेने नोंदले गेले पाहिजे. ते होत नाही. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नसतो. दूरस्थ मतदान यंत्राचा निवडणूक आयोगाचा प्रस्ताव जानेवारी २०२३ मधील राजकीय पक्षांच्या विरोधानंतर पुढे सरकला नाही. ज्या राज्यात माणूस कर भरतो तिथे त्याला मत नाही आणि जिथे मत होते तिथून नाव गेलेले, अशी अवस्था लोकशाहीला भूषणावह नाही.

दारे बंद करणारी राज्ये

या पार्श्वभूमीवर समृद्ध राज्यांतील अलीकडचा कल चिंताजनक आहे. हरियाणाने दरमहा ३० हजार रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना राखून ठेवणारा कायदा केला. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये तशाच धाटणीचे विधेयक मंत्रिमंडळात संमत केले आणि उद्योगांच्या नाराजीनंतर दोन दिवसांत थांबवले. डोंगराळ राज्यांत जमिनीवर बंधने आहेत. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. उत्तराखंडने २०२५ मध्ये अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेती व फळबागांची जमीन घेण्यास मनाई केली.

यांमागील भावना मी पोकळ मानत नाही. बाहेरून येणाऱ्या पैशाने स्थानिक माणूस बेघर होतो, भाषेचा अवमान होतो, पाणी व रस्ते अपुरे पडतात, या तक्रारी खऱ्या आहेत. बेंगळूरुने २०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मोजत दिवस काढले. पण नोकरीचे दार बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. केरळमध्ये साठीपुढील लोकांचे प्रमाण २०२१ च्या अनुमानानुसार १६.५ टक्के आहे, बिहारमध्ये ७.७ टक्के. दक्षिणेला काम करणारे हात लागणार आहेत आणि उत्तरेला काम हवे आहे. ही देवाणघेवाण अडवणारी भिंत दोन्ही बाजूंना गरीब करील. आधीच वेग मंदावल्याची चिन्हे आहेत. आर्थिक सल्लागार परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील एका निबंधाने देशांतर्गत स्थलांतरितांची संख्या २०११ च्या जनगणनेतील ४५.५७ कोटींवरून २०२३ मध्ये ४०.२० कोटींवर आल्याचा अंदाज केला आहे. गावे सुधारल्याने लोक थांबले, असा त्या निबंधाचा सूर आहे. शहरे परवडेनाशी झाल्यानेही ते थांबले असतील. दोन्ही शक्यता तपासायला हव्यात, कारण त्यांवरची धोरणे परस्परविरुद्ध आहेत.

मोजमाप आणि धोरण

तपासणीची अडचण अशी की मोजपट्टीच नाही. सांख्यिकी मंत्रालय राज्यवार ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध करते; पण त्यात प्रत्येक राज्याची आधार वर्षातील पातळी १०० धरलेली असते. ओडिशात किमती किती वेगाने वाढल्या हे त्यातून कळते. ओडिशा कर्नाटकापेक्षा किती स्वस्त आहे हे कळत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या किंमत पातळीची तुलना दरवर्षी अधिकृतपणे प्रसिद्ध होते. आपल्याकडे मात्र २०११-१२ च्या दारिद्र्यरेषांवर विसंबून हा लेख लिहावा लागतो, हे पुरेसे बोलके आहे.

याचे परिणाम घरगुती हिशेबापलीकडे जातात. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांत कर वाटताना ४५ टक्के भार ‘उत्पन्न अंतरा’ला दिला, आणि ते उत्पन्न स्थानिक किमतींनुसार समायोजित केलेले नव्हते. गरीब राज्यात रुपया अधिक पुरतो हे एकीकडे, आणि दुर्गम राज्यात रस्ता बांधायला अधिक रुपये लागतात हे दुसरीकडे. दोन्ही बाबी अशा सूत्रात निसटतात. केंद्र सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांना शहराच्या वर्गानुसार ३०, २० व १० टक्के घरभाडे भत्ता देते. म्हणजे फरक आहे हे त्याला ठाऊक आहे. पण प्राप्तिकरात घरभाड्याची ५० टक्क्यांची वजावट कित्येक दशके केवळ दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई यांनाच होती. बेंगळूरुला त्यात स्थान नव्हते.

मला चार गोष्टी तातडीच्या वाटतात. पहिली, घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाची आकडेवारी आता पुन्हा नियमित येऊ लागली आहे. तिच्या आधारे राज्यवार व शहरवार किंमत पातळीचा निर्देशांक दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. दुसरी, राज्यांच्या कल्याण योजना व शैक्षणिक कोटे यांसाठी ‘संक्रमण काळा’चे समान नियम आंतरराज्य परिषदेने ठरवावेत, म्हणजे राज्य बदलणारा एका बाजूचा हक्क संपण्याआधी दुसऱ्या बाजूला पात्र ठरेल. तिसरी, भाड्याच्या घरांचा पुरवठा. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी घरासाठी दोन महिन्यांहून अधिक अनामत नको असे सुचवले. बेंगळूरुत दहा-दहा महिन्यांची अनामत मागण्याची प्रथा रूढ आहे आणि नोंदणीकृत करार दुर्मीळ. कामगारांसाठी केरळने पालक्काडमध्ये उभारलेल्या वसतिगृहासारखे प्रयोग कौतुकास्पद आहेत, पण ते एकट्या पुरुषांसाठी पुरेसे; गरज कुटुंबासाठी परवडणाऱ्या दोन खोल्यांची आहे. चौथी, स्वस्त राज्यांनी स्वस्ताईची जाहिरात करणे सोडून चांगली रुग्णालये, शाळा आणि विमानतळ-रेल्वेचे जाळे उभारावे. उत्पन्न सोबत आणणारा माणूस स्वस्ताईसाठी येतो, पण सोयींमुळेच टिकतो.

राज्य सोडावे काय, असे विचारणाऱ्या वाचकाला मी तीन गोष्टी लिहून काढायला सांगेन. पगार सोबत येणार काय, जोडीदाराच्या नोकरीचे काय होणार आणि मूल कोणत्या इयत्तेत आहे. तिन्हींची उत्तरे अनुकूल असतील तर निघावे; नसतील तर दुधाच्या चार रुपयांच्या रागापायी निघू नये. धोरणकर्त्यांना मात्र वेगळे सांगावे लागेल. ज्या देशात माणसाने कमवायचे एका राज्यात, कुटुंब ठेवायचे दुसऱ्या राज्यात आणि हक्क शोधत फिरायचे दोन्हींकडे, त्या देशाने एक बाजारपेठ साधली असेल, पण एक नागरिकत्व अजून साधायचे आहे.